मानशीच्या तोंडासमोर

परीक्षकाने एकच ओळ लिहिली आहे:
उगम नेमका कुठे, ते सांगा.

तीन दिवसांची रजा टाकून मी दिवाडीला आले.
फेरीबोटीत दोन म्हशी, एक पाववाला,
आणि मी, पिशवीत ते पान घेऊन, चार घड्यांचं.
चार अब्ज प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेचा
पत्ता मला विचारला आहे.
पत्ता ठाऊक आहे. घर ठाऊक आहे.
कुठल्या खोलीत दिवा लागला, तेवढं नाही.

घराच्या पोटात कृष्णविवर,
त्याच्यापासून निघालेला झोत थेट आपल्यावर रोखलेला.
गेल्या आषाढात त्यातून गॅमा किरणांचा लोंढा आला,
तीन तासांत दुप्पट.
ऐसपैस जागेला एवढी घाई जमत नाही.
म्हणून मी लिहिलं: जागा चिंचोळी,
विवराच्या उंबऱ्यालगतची.

पण उंबऱ्याभोवती तेजाळ ढगांचं कोंडाळं.
तिथल्या साध्या उजेडाशी असले प्रखर किरण आदळतात
आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या होऊन संपतात.
हे तर पोहोचले.
शिवाय त्याच आठवड्यात, रेडिओच्या चित्रात,
उंबऱ्यापासून तीस प्रकाशवर्षं पुढे
एक गाठ
एका न हलणाऱ्या जागेतून जाताना उजळली.

दोन्ही साक्षीदार खरं बोलतात.
एका घरात नांदत नाहीत.

कार्तिकातली अमावास्या. ओहोटी लागली
तसा कायतानने कंदील मालवला.
मानशीची पावणी यंदाही त्यानेच घेतली आहे;
एकतीस वर्षं हीच दारं, हाच बांध,
सुंगटांच्या भावावर घरचा हिशेब.
जाळं अजून बांधलं नव्हतं.
खाजनातलं पाणी दारांमधून निघालं
काळंभोर, गुळगुळीत, तेल ओतल्यासारखं.
मी म्हटलं, इथे तर काहीच पेटत नाही.
"राव गो, बाय."

वीस हात पुढे
पडक्या मानशीचा एक चिरा पाण्यात राहिला आहे.
पाणी त्याला भिडलं
आणि निळं झालं.
डोळ्यांना न दिसणारे जीव,
डिवचल्याशिवाय न उजळणारे,
शांतपणे दारातून आले होते,
अंगात उजेड घेऊन, न दाखवता.

"हांगा न्हंय," कायतान म्हणाला. "थंय."

माझ्या हातात पेन्सिल आलीही होती.
तेवढ्यात तो म्हणाला, गेल्या पुनवेच्या आधी
दाराची फळी चिरली होती,
तेव्हा दारातच पेटायचं, चिऱ्याशी नुसता फेस.
म्हणजे?
म्हणजे काय, फळी बदलली.

मग मला होडीत घालून त्याने प्रवाहासमोर नेलं.
तिथून दार नाही, चिरा नाही, वीस हात नाहीत.
सगळं एकावर एक चढलेलं,
एक निळा ठिपका,
लुकलुकणारा.
मी म्हटलं, कायतान, मला एवढंच दिसतं.
नऊ वर्षं एवढंच.

"मग कुशीक यो," तो म्हणाला,
आणि वल्ह्याच्या दोन फटक्यांत
आम्ही बाजूला आलो; ठिपक्याला लांबी फुटली.

मला त्याचा किती हेवा वाटला ते सांगता येत नाही.
माझ्या झोताला कूस आहे,
तिथे जायला वल्हं नाही.
पिढ्या संपतील, तरी आमचा कोन केसभरही बदलणार नाही.

जाळं बांधून झालं. पहाटे पावणेदोन किलो निघाली,
बरीचशी बारीक.
नारव्याच्या धक्क्यावर, पानाच्या मागे, मी लिहिलं:
बहुधा चिरा. प्रत्येक वेळी नव्हे.
फळीची स्थिती अज्ञात.
"फळी" खोडलं. पुन्हा लिहिलं.

पाठीमागून कायतानने ओरडून विचारलं,
तुझ्या त्या मानशीची पावणी कोण घेतं गो?
फेरीबोटीचा भोंगा झाला,
म्हशी आधी चढल्या.